शुक्रवारचे पक्षी

हाउन्सलोच्या त्या घरात आम्ही सगळे अर्धी अर्धी वाक्यं बोलत असू. विमान डोक्यावर आलं की बोलणारा थांबायचा, ऐकणारा मान खाली घालून वाट बघायचा, आणि विमान गेलं की वाक्य जिथे तुटलं तिथूनच पुढे सुरू व्हायचं. नागपूरहून आलेली मावशी पहिल्या दिवशी बिचकलीच होती. तिला वाटलं, या घरात भांडण झालंय आणि सगळे मधूनमधून अबोला धरतात. आम्हाला मात्र त्यात काही वावगं वाटत नसे. आई हॉस्पिटलमध्ये नर्स होती आणि तिच्याच नोकरीवर आम्ही तिघं इंग्लंडला आलो होतो. पप्पा विमानतळावर कार्गोच्या गोदामात होते. पहाटेची शिफ्ट करून ते दुपारी तीनला घरी यायचे, दारातल्या जुन्या पेपरवर बूट काढायचे आणि हात कोपरापर्यंत धुवायचे. अकोल्याला शिकलेले कृषी पदवीधर होते ते. इथे त्या पदवीचा उपयोग मागच्या अंगणातल्या मेथी-सांबारापुरता उरला होता. नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. आई मेथी निवडताना म्हणायची, "बीएस्सी अ‍ॅग्रीची भाजी आहे, काड्या फेकू नका." पप्पा हसायचे. मला ते हसू बघवत नसे. शाळेत कुणी विचारलं की तुझे वडील काय करतात, तर मी 'एअरपोर्टवर' एवढंच सांगायची, आणि समोरच्याने पायलट असा अर्थ घेतला तर तो खोडून काढायची नाही.

इंग्लंडच्या आधी पप्पा पाच वर्षं ओमानमध्ये शेती खात्याच्या नोकरीवर होते, एकटेच. आई आणि मी तेव्हा नागपुरात. त्या वर्षांतून त्यांनी दोन गोष्टी घरात आणल्या. एक म्हणजे वेलदोडा घातलेली कडू कॉफी, जी सुट्टीच्या सकाळी छोट्या वाट्यांसारख्या कपांत, बरोबर खजूर ठेवून प्यायची. दुसरी म्हणजे पक्षी. जेवताना भाकरी मोडता मोडता ते त्या गावाबद्दल सांगायचे. डोंगराच्या पायथ्याशी गाव, सगळीकडे उघडे दगड आणि रेताड, आणि मधोमध खजुराची हिरवीगार बाग. मरूद्यान हा शब्द मी फार उशिरा पुस्तकात वाचला. पप्पा त्याला नुसती बाग म्हणत. डोंगराच्या पोटातून उताराने येणारा एक पाट होता आणि तोच सगळ्या गावाला पाणी द्यायचा. खलफान नावाचा एक म्हातारा हे पाणी वाटत असे. जमिनीत एक काठी रोवून तिची सावली कुठे पोचली ते बघायचा आणि त्यावरून ओरडून सांगायचा, आता पाणी अमक्याच्या वाफ्याला. त्यामुळे रोज कुठला ना कुठला वाफा भिजलेला असे, आणि पाण्यामागून पिवळे धोबी शेपट्या हलवत चालत. वर खजूर, त्याच्या सावलीत लिंबं आणि अंजीर, त्याखाली बकऱ्यांसाठी लसूणघास. घास कुणी एकदम कापत नसे. बायका विळा घेऊन यायच्या आणि बकऱ्यांना आज लागेल तेवढाच कापून न्यायच्या. म्हणून एका तुकड्यात घास घोट्याएवढा, शेजारच्यात गुडघ्याएवढा, त्यापलीकडे जांभळ्या फुलांवर आलेला, आणि त्या फुलांवर किडे आणि किड्यांवर पक्षी. पाटाच्या मातीच्या काठात वेडे राघू बिळं करून राहायचे. वाळून गेलेलं खजुराचं खोडही कुणी पाडत नसे, कारण ते कुणाच्या तरी आजोबाने लावलेलं असायचं. अशाच एका खोडाच्या ढोलीत नीलकंठाची जोडी होती. शुक्रवारी पप्पांना सुट्टी असायची. दर शुक्रवारी सूर्य उगवला की ते पाटाच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत चालत जायचे आणि दिसलेला प्रत्येक पक्षी डायरीत लिहायचे. अशा पाच डायऱ्या आमच्या कपाटावरच्या सुटकेसमध्ये होत्या.

हेलन त्यांना तळ्यावर भेटली. विमानतळाच्या पलीकडे जुन्या खडीच्या खाणींची तळी झाली आहेत, तिथे पप्पा सुट्टीच्या दिवशी दुर्बीण घेऊन जात. हेलन रीडिंगला राहायची, पंचेचाळिशीची असेल, आणि वाळवंटातल्या बागांमध्ये पक्षी कशामुळे टिकतात यावर संशोधन करत होती. बोलता बोलता पप्पांनी त्या गावाचं नाव घेतलं आणि ती तळ्याकडे पाठ करून उभी राहिली. त्याच भागात तिचं तीन वर्षांचं काम सुरू होणार होतं. पण पूर्वी तिथे किती पक्षी होते याची कुठेच नोंद नव्हती, आणि इथे एका माणसाकडे पाच वर्षांचे शुक्रवार लिहिलेले होते. पुढच्याच आठवड्यात तिचा फोन आला. गावात राहून काम बघायला त्यांना एक माणूस हवा होता, शेती कळणारा आणि पक्षी ओळखणारा. तिने वरिष्ठांना पप्पांचं नाव सुचवलं होतं. त्यांना फक्त आधी त्या नोंदी कॉम्प्युटरवर, इंग्रजीत हव्या होत्या. फोन ठेवल्यावर पप्पा स्वयंपाकघरात आले आणि आईला म्हणाले, "मला विचारलं त्यांनी." एवढंच. आईने गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसली. ते वाक्य पूर्ण होतं की अर्धं हे बघायला मी थांबले, पण वर विमान नव्हतं.

हेलन एका शनिवारी घरी आली. आईने सांबारवडी केली होती आणि हेलनने तिसरी वडी स्वतःहून उचलली म्हणून आई तिच्यावर खूश होती. मी टेबलाच्या टोकाला बसले होते. हेलन सांगत होती की गेल्या वर्षी ती त्या गावात जाऊन आली. एका सरकारी योजनेत पाट सिमेंटचे केलेत, खजुराला नळीने थेंब थेंब पाणी, लिंबाची झाडं काढून ट्रॅक्टरला वाट केली आहे, घास मशीनने एका दिवसात सपाट कापतात, आणि वाळलेली खोडं, त्यांत झाड पोखरणारा सोंड्या भुंगा होतो म्हणून, सगळी पाडून जाळलीत. खजूर भरपूर येतो, ती म्हणाली, पण सकाळी बागेत उभं राहिलं तर काही ऐकू येत नाही. मग तिने कप खाली ठेवला.

"ज्याने कुणी ती योजना लिहिली ना, तो माणूस पहाटे एकदाही त्या बागेत बसला नसणार," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे का, मिस्टर मेश्राम, कुणाचं काम होतं ते?"

पप्पा किटलीकडे बघत होते. "तुमचा चहा गार होतोय," ते म्हणाले. "दुसरा करू?"

मला तेव्हा त्यात काही वेगळं वाटलं नाही.

टायपिंगचं काम माझ्याकडे आलं. मी सोळाची होते, परीक्षा संपली होती, आणि घरात एक्सेल मलाच यायचं. डायऱ्या मराठीत होत्या आणि माझं मराठी वाचन म्हणजे बोट ठेवून, अक्षर लावून. पक्ष्यांची नावं पप्पांनी मला एका कागदावर इंग्रजीत लिहून दिली होती. पक्षी असायचे उजव्या पानावर. डाव्या पानावर आठवड्याचं कामकाज असे, ते मला वाचायचं नव्हतं, पण उन्हाळ्याच्या त्या लांबलचक दुपारी आई ड्युटीवर, पप्पा गोदामात, आणि मी एकटी. मी वाचायला लागले. चौथ्या डायरीच्या आरंभी, डाव्या पानावर, त्यांच्या त्या सरळ उभ्या अक्षरात लिहिलं होतं: 'माझा अहवाल मंजूर झाला. पाट पक्के करणे, ठिबक, आंतरपिके काढणे, यांत्रिक कापणी, मृत खोडे हटवणे. साहेबांनी सर्वांसमोर कौतुक केले.' पुढच्या आठवड्यात लिहिलं होतं की खलफानने नुसती मान हलवली. आणि त्या पानांच्या उजव्या बाजूला, महिन्यामागून महिना, आकडे उतरत गेले होते.

मी डायरी मिटून अंगणात जाऊन बसले. मला पप्पांचा राग आला नाही, हे आज कबूल करते. त्या गावाचं वाईटही वाटलं नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, की ही नोकरी आता जाणार. पक्षी कधी कमी झाले हे हेलन बघणार, मग त्या सुमाराला काय झालं ते शोधणार, मग कुठल्यातरी सरकारी फायलीत तिला मेश्राम हे नाव सापडणार. आणि पप्पा उरलेलं आयुष्य दुसऱ्यांच्या पेट्या उचलणार. पण पप्पा तिथे असेपर्यंत पक्षी कमी झालेच नसतील, तर त्या वर्षांत कोण कशाला शोधेल. हेलनला मराठी येत नव्हतं. ते आकडे वाचू शकणारी त्या सगळ्या कामात मीच एकटी होते. मग मी शेवटच्या दोन डायऱ्यांचे आकडे बदलले. दुसऱ्या वर्षाचे आकडे घ्यायचे, एखादा कमी करायचा, एखादा वाढवायचा, शेवटच्या रांगांमध्ये भरायचे. जेमतेम दीड तास लागला. शाळेतलं कुठलंच काम मी इतकं नीटनेटकं केलं नव्हतं.

त्या रविवारी आम्ही विहारात गेलो. विहार म्हणजे महिन्यातून दोन रविवार भाड्याने घेतलेला कम्युनिटी हॉल. कपाटातून मूर्ती काढून टेबलावर ठेवायची, मेणबत्त्या लावायच्या, आणि शेवटी सगळ्यांनी डबे उघडून जेवायचं. पंचशील म्हणताना मी नेहमीसारखी मोठ्याने म्हणत होते. चौथं शील, खोटं न बोलण्याचं, आलं तेव्हा आवाज आपोआप खाली गेला. शेजारी उभे असलेले पप्पाही तेवढं एक हळू म्हणाले. मला वाटलं, त्यांना सगळं कळलंय. तसं काही नव्हतं. ते का हळू म्हणाले हे कळायला मला आणखी दोन दिवस लागले.

मंगळवारी ते शिफ्टवरून आले, हात धुतले, आणि पेन्सिल घेऊन ते मी छापून आणलेले कागद तपासायला बसले. आई ओट्यापाशी झुणक्याला कांदा चिरत होती. पानामागून पान उलटत होतं. मग पेन्सिल थांबली.

"मित्रा," त्यांनी माझं नाव घेतलं, "हा नीलकंठ कुठून आला?"

"डायरीतून," मी म्हटलं.

"शेवटच्या डायरीत नीलकंठ नाही."

"असेल ना पप्पा. तुम्ही विसरला असाल. इट्स सो मेनी इयर्स."

त्यांनी डायरी मागितली नाही, उघडून दाखव म्हणाले नाहीत. पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली आणि सांगायला लागले, आईकडे पाठ करून, अगदी हळू. नीलकंठाच्या ढोलीचं ते खोड त्यांनी स्वतः उभं राहून पाडून घेतलं होतं. गावातला कुणी हात लावायला तयार होईना, म्हणून बाहेरून माणसं आणली. ढोलीत पिल्लं आहेत का ते बघा, असं म्हणायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण साहेब बाजूला उभे होते आणि साहेबांनी नुकतंच कौतुक केलं होतं. खोड पडलं. जोडी दिवसभर त्या रिकाम्या जागेवर घिरट्या घालत राहिली, दुसऱ्या दिवशीही, आणि मग गेली. "त्यानंतर मी दर शुक्रवारी बघायला जायचो," ते म्हणाले. "मला माहीत आहे ना, तिथे काय होतं आणि काय नव्हतं."

आईने सुरी खाली ठेवली. "अहो," ती म्हणाली, "हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही."

"कुणालाच नाही."

मी रडायला लागले आणि रडता रडता सगळं सांगितलं, डावं पान, बदललेली फाईल, ती हेलनला आधीच पाठवून दिलेली, नोकरी, सगळं. मला वाटलं, आता ते रागावतील. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "ती बाई या खुर्चीत बसून विचारत होती आणि मी तिला चहा विचारला. तू माझ्यापेक्षा वेगळं काय केलंस, बाळा? मी सुरू केलं, तू पुढे नेलंस." आई ओट्यापासून टेबलापाशी आली. तिलाही ती नोकरी हवी होती, माझ्याहून जास्तच हवी होती. नवऱ्याचं शिक्षण रोज दारातल्या पेपरवर बुटांबरोबर उतरवलेलं ती बघत होती. तरी तिने डोळे पुसून एवढंच विचारलं, "काहून थांबता मग? शनिवारी जा तिच्याकडे."

फेल्टमहून रीडिंगची ट्रेन धरली. पप्पांनी इस्त्री केलेला शर्ट घातला होता, पाचही डायऱ्या मांडीवर. वाटेत त्यांनी एकदाच तोंड उघडलं, ते मला भूक लागली आहे का विचारायला. हेलनची खोली लहान होती, भिंतीवर नकाशे, आणि त्यातल्या एका नकाशावर ते गाव म्हणजे पेन्सिलीने काढलेलं एक वर्तुळ. पप्पा बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी विचारलं होतं, योजना कुणाची होती. माझी होती. आणि मी पहाटे त्या बागेत बसायचो. बसूनही लिहिली."

हेलनने चष्मा काढला. तिचा चेहरा लाल झाला होता. "मी तुमच्या घरात, तुमच्यासमोर असं बोलले," ती म्हणाली. "मला माफ करा."

"तुम्ही बोललात ते कमीच होतं," पप्पा म्हणाले. मग त्यांनी सांगितलं की दिलेल्या आकड्यांतले शेवटच्या दोन वह्यांचे आकडे खोटे आहेत. कुणी केले, असं हेलनने विचारलं. पप्पा गप्प राहिले. या वेळचं त्यांचं गप्प राहणं वेगळं होतं, हे मला तेव्हाही कळलं. "मी," मी म्हटलं. हेलनने चष्मा पुन्हा लावला आणि माझ्याकडे बघितलं. तिने उपदेश केला नाही. सगळ्या वह्या पहिल्या पानापासून पुन्हा उतराव्या लागतील, ती म्हणाली. ती डायऱ्यांच्या प्रती काढून दुसऱ्या मराठी माणसाकडून तपासून घेईल. आणि पप्पांना म्हणाली, "हे मला वरती सांगावं लागणार. तुम्हाला ठाऊकच असेल." पप्पा म्हणाले, ठाऊक आहे. निघताना त्यांनी तिला विचारलं, खलफान आहे का अजून. नाही, ती म्हणाली, दोन वर्षांपूर्वी गेला. पाणी आता मोटर सोडते.

ती जागा पप्पांना मिळाली नाही. पत्र सभ्य होतं. ते पुढे गोदामातूनच निवृत्त झाले, आणि आता तेही नाहीत. आईला ऐकू कमी येतं, विमानांसाठी ती आता थांबत नाही. मधल्या वर्षांत मला पुष्कळदा वाटलं आहे, की ते गप्प राहिले असते तर काय बिघडलं असतं. पक्षी तर परत येणार नव्हतेच. हेलनच्या कामामुळे त्या गावातल्या काही घरांनी पुन्हा विळ्याने घास कापायला सुरुवात केली, असं तिने पुढे एकदा कळवलं होतं. खरंखोटं बघायला मी कधी गेले नाही. ही माझी भीती आहे की लाज, याचा निकाल मला लावता आलेला नाही.

रीडिंगहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आम्ही पुन्हा लिहायला बसलो. या वेळी डायरी माझ्या हातात दिली नाही. ते वाचत, मी टाईप करत असे. दुपारी चार ते सहा, स्वयंपाकघराच्या टेबलावर, आई घरी असली तर तिची भांडी ती आवाज न करता लावायची. पहिल्या तीन वह्या वाचताना त्यांचा आवाज जरा खुलायचा. हुदहुद चार, वेडा राघू अकरा, शिंजीर सात, पिवळा धोबी मोजता आले नाहीत इतके, ते अंदाजे पंचवीस लिही. मध्येच एखादा शुक्रवार आठवून ते सांगत, मी ऐकत असे. चौथ्या वहीपासून ते फक्त नाव आणि आकडा म्हणू लागले. पाचवी वही आली. नीलकंठ, शून्य. पुढचा शुक्रवार. हुदहुद एक, होला तीन, नीलकंठ, शून्य. पुढचा शुक्रवार. असे नऊ-दहा शुक्रवार झाले. त्यांचा आवाज चढत नव्हता, उतरत नव्हता, आणि माझ्याच्याने ते ऐकवेना.

"पप्पा," मी म्हटलं, "नीलकंठाचं पुढचं सगळं ब्लँक ठेवू का? नाही तर नाहीच ना. हेलनला कळेल."

त्यांनी डायरीतून मान वर केली नाही. ओळीवर ठेवलेलं बोट तिथेच होतं.

"ब्लँक ठेवलं तर त्या दिवशी मी गेलोच नव्हतो असा अर्थ होतो," ते म्हणाले. "मी गेलो होतो, मित्रा. एकही शुक्रवार चुकवला नाही. शून्य लिही."

मी लिहिलं. त्यांनी पुढचा शुक्रवार वाचला.